तीन साग तोडले, चार ठेवले

परसातला साग तोडायचा असेल तर आधी सातबारा काढावा लागतो, कुऱ्हाड फार नंतर लागते. हे मला २०२० साली कळलं. तोवर घरामागचे सात साग आमचे, आजोबांनी लावलेले, तेव्हा वाटेल तेव्हा तोडू, अशीच माझी समजूत होती.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली तालुक्यातल्या घराचं पुढचं अर्धं छप्पर गेलं. कौलं उडाली ती उडालीच, पण पडवीवर आंब्याची मोठी फांदी येऊन पडली, तिने पडवीची भाल, म्हणजे वासे पेलणारी आडवी तुळई, मोडली आणि पुढच्या दाराची चौकट भिंतीसकट कलंडली. आई माजघरात होती म्हणून वाचली. मी पुण्यात. टाळेबंदीचे दिवस, ई-पास मिळून गावी पोचेपर्यंत आठ दिवस उलटले होते. तोवर शेजाऱ्यांनी वासे, रिपा म्हणजे कौलांखालच्या पट्ट्या, दाराची झडपं सगळं उचलून गोठ्यात रचून ठेवलं होतं आणि उघड्या भागावर निळी ताडपत्री बांधली होती. तो पावसाळा आईने त्या ताडपत्रीखाली काढला.

घर पुन्हा उभं करायचं तर लाकूड हवं. शहरातल्या वखारीत चौकशी केली. तिथे 'साग' म्हटलं की आधी विचारतात, कुठला? सीपी म्हणजे चंद्रपूर-बल्लारशाकडचा, मध्य भारतातला. बर्मा म्हणजे म्यानमारचा. त्या देशाने १ एप्रिल २०१४पासून गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे त्याचा भाव ऐकूनच मी पुढे गेले. बाकी रचलेला बहुतेक माल घाना आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा. एकाच झाडाची जात, पण एकेका फळीचा रंग आणि वजन इतकं निराळं की हात लावताच कळत होतं. घरामागे साठ वर्षांचे सात साग उभे असताना परदेशातला पोरसवदा साग कशाला घ्यायचा, असं मनात आलं आणि तिथून पुढची तीन वर्षं सुरू झाली.

आजोबांनी हे साग १९६०च्या आसपास लावले. सागाचं रोप पानांसकट लावत नाहीत. रोपवाटिकेतलं वर्षाचं रोप उपटतात, वरचा शेंडा आणि खालची मुळं छाटतात आणि बोटभर जाडीची नुसती जडी उरते, ती पहारीने भोक पाडून जमिनीत ठोकतात. आजोबांनी वीस जड्या आणल्या होत्या, म्हणे. त्यातल्या सात जगल्या. लहानपणी आम्ही पोरं त्यांची कोवळी पानं तळहातावर चोळायचो, हात लालभडक व्हायचा, मग तो एकमेकांच्या सदऱ्याला पुसायचा आणि मार खायचा. साग म्हणजे माझ्या मनात अजून तो लाल हात आहे.

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं. त्यांच्यामागे बाबा, बाबांच्यामागे आम्ही, शिवाय डोंबिवलीचे काका आणि चिपळूणची आत्या. आधी वारस नोंद, तिचा फेरफार, मग सगळ्यांची संमतीपत्रं. काकांनी एका फोनवर होकार दिला. आत्याने मात्र विचारलं, "सातही तोडणार? दादांनी लावलेले?" तिने सही केली, पण तिचा आवाज पडला होता. तेव्हा मी घाईत होते, तिच्या प्रश्नाला नीट उत्तर दिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये अर्ज दिला. आपल्या राज्यात १९६४चा झाडतोडीच्या नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग आहे, तसे आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, चिंच, मोह, चंदनही आहेत. जमीन तुमची असली तरी यांतलं झाड परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि तोडल्यावर लाकूड वाहतूक परवान्यावाचून हलवता येत नाही. पुष्कळांना हा जाच वाटतो. मलाही वाटला, विशेषतः एका कार्यालयात आमची फाइलच सापडेना आणि सगळे कागद दुसऱ्यांदा द्यावे लागले तेव्हा. पण हा कायदा नसता तर कोकणातल्या किती डोंगरांवर आज झाड दिसलं असतं, याचा विचार केला की मी गप्प होते.

याच काळात एक व्यापारी घरी आला. त्याला झाडं उभीच हवी होती. कागद, तोड, वाहतूक सगळं तो बघणार, आम्ही फक्त सह्या करायच्या, आणि सात झाडांचे मिळून ऐंशी हजार. आईला रक्कम मोठी वाटली. त्याने झाडांना दोरी गुंडाळून मापं घेतली, वहीत काही आकडे मांडले आणि 'एवढंच घनफूट भरतं' म्हणाला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी मुदत मागून घेतली.

मग त्याच आठवड्यात हे माप शिकले. ते प्रत्येकाने शिकून ठेवावं असं मला वाटतं, कारण कोकणात अशी झाडं कितीतरी घरांमागे आहेत आणि विकणाऱ्याला बहुधा माप येत नसतं. गोल ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर घ्यायचा, इंचांत. त्याला चारने भागायचं. आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ने भागायचं. म्हणजे घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल तर चौथा हिस्सा १२, त्याचा वर्ग १४४, गुणिले १०, भागिले १४४. दहा घनफूट. आता त्याच ओंडक्याचं खरं आकारमान वर्तुळाच्या हिशेबाने काढलं तर पावणेतेराच्या जवळ जातं. मधला फरक हा गोलाचा चौरस करताना निघणाऱ्या फळकुटांचा, असं धरतात. म्हणजे रीतच मुळी घेणाऱ्याला एक पंचमांश सवलत देते. त्यावर घेर मध्याऐवजी शेंड्याकडे घेतला आणि इंच-दोन इंच खाली सोडले की आकडा भराभर उतरतो. ४८च्या जागी ४४ धरले तर दहाचे साडेआठही उरत नाहीत. त्या माणसाने आमच्या झाडांचे घेर छातीच्या उंचीवर न घेता पायरीवर चढून हात वर करून घेतले होते, हे मला नंतर आठवलं. सौदा मी नाकारला.

जानेवारी २०२१मध्ये वनरक्षक आणि वनपाल पाहणीला आले. वनरक्षक तरुण होता, अबोल, पण काम चोख. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटिमीटर, ती त्याने काठीवर खूण करून आणली होती. प्रत्येक झाडाचा घेर तिथे मोजला, साल किंचित तासून पांढऱ्या रंगाने आकडा घातला आणि तोच आकडा खाली बुंध्याशीही घातला. खालचा कशाला, विचारलं तर म्हणाला, "ताई, झाड गेलं तरी बुडखा राहतो ना. परवानगी ज्याची होती तेच तोडलं की नाही, ते बुडखाच सांगतो." एक ते सात. सर्वांत मोठा तीन नंबर, घेर ६१ इंच. सर्वांत लहान सहा नंबर, ३५. एकाच दिवशी लावलेली झाडं. तीन नंबरला वहाळाची ओल मिळाली, सहा नंबर जांभ्याच्या कातळावर अडकला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परवानगी आली. सातांचीही. आणि त्यानंतर सुतारमामा आले.

खरं तर त्यांना सगळ्यांत आधी बोलवायला हवं होतं. पण वादळानंतर तालुक्यात ज्याच्या हातात करवत धरायची ताकद होती तो प्रत्येक सुतार दिवसरात्र छपरं बांधत होता. मामा सत्तरीचे, आमच्या पडवीचं दुरुस्तीचं काम त्यांच्या वडिलांनी केलेलं. मला ते जन्मापासून ओळखतात.

मी त्यांना परसात न्यायला निघाले तर ते गोठ्याकडे वळले. रचलेल्या जुन्या वाशांवर धूळ, शेवाळ, चिखल. वरून काळे ठिक्कर. रिपा हाताने चुरल्या जात होत्या. त्या आंब्याच्या होत्या, वाळवीने आतून भुसा केला होता. मी म्हटलं, "मामा, हे सगळं सरपणात जाणार, नवीनच करू." त्यांनी पिशवीतून पटाशी काढली, एक वासा पायाखाली धरला आणि वीतभर लांबीत वरची काळी कातडी सोलून काढली. आत मधासारखा पिवळा-तपकिरी रंग. त्यांनी तो भाग माझ्या नाकाशी धरला. नव्वद वर्षं धूर, पाऊस आणि दमट हवा खाल्लेल्या लाकडातून कमावलेल्या चामड्यासारखा, तेलकट, ताजा वास येत होता.

"गो बाय, ह्याला सरपण म्हणतेस? हे जितं हाय अजून."

मग त्यांनी पक्कडीने एक खिळा उपसला. जुना, चौकोनी, लोहाराच्या हातचा खिळा. मला वाटलं होतं गंजून तुकडा पडेल, पण तो आख्खा आला. लाकडातला भाग जवळजवळ गुळगुळीत. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे लोखंड त्यात फारसं गंजत नाही. याच गुणामुळे एका काळी जहाजं बांधणारे लोक सागामागे वेडे झाले होते. इंग्लंडच्या ओकमध्ये खिळे गंजायचे, सागात टिकायचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने इंग्रजांच्या आरमारासाठी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं, मलबारच्या सागाचं, आणि ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगत उभं आहे. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२मध्ये चीन आणि ब्रिटनचा नानकिंगचा तह झाला, तेही मुंबईचंच. पण एवढं लांब कशाला जायचं? कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताखाली कमानदार लाकडी फासळ्या दिसतात. दोन हजार वर्षांच्या आसपास त्या तिथे आहेत. शाळेच्या सहलीत बघितल्या होत्या आणि तेव्हा त्यांच्याकडे कुणी लक्षही दिलं नव्हतं.

मामांनी दोन दिवस घालवून जुना प्रत्येक वासा, प्रत्येक तुळई पटाशीने टोचून पाहिली. एकूण बत्तीस वाशांपैकी सव्वीस चांगले. चौकटीचे दोन उभे खांब वाळवीने खालून खाल्लेले, पण वरचे चार फूट ठणठणीत, त्यातून खिडक्यांच्या चौकटी निघतील. मग ते परसात आले, सातही झाडांना हात लावून फिरले आणि म्हणाले, "तीन पुरतील. दोन, तीन नि पाच. बाकीची उभी राहू देत."

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

मार्च अखेरीस तोड झाली. साग त्या वेळी निष्पर्ण असतो, झाडात पाण्याचा जोर कमी, शिवाय फांद्या उघड्या दिसत असल्यामुळे झाड कुठे पाडायचं ते ठरवता येतं. दोन दोरखंड बांधून, पडायच्या बाजूला खाप घेऊन, मग मागून यांत्रिक करवत. तीन नंबर पडला तेव्हा घरातली भांडी वाजली. आई ओटीवर पाठ करून बसली होती.

बुडख्याशी मी गुडघे टेकून वर्षागणिक पडणारी कडी मोजली. सागात ही कडी फार स्पष्ट असतात, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड मोठ्या छिद्रांचं लाकूड घालतं आणि नंतर बारीक, दाट. मी टाचणी टोचत टोचत मोजत गेले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ५९ आली. सुरुवातीची दहा-बारा रुंद, पोराच्या वाढीसारखी, मग एका इंचात आठ-नऊ. सगळ्यात बाहेर सालीलगत इंचभर पांढुरकं कडं. तो कच्चा भाग. त्यात वाळवी, भुंगा सगळं शिरतं. आतला तपकिरी गाभा हाच खरा साग. वाळवीला न मानवणारं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य त्या गाभ्यात साठतं, आणि ते साठायला वर्षं लागतात.

हे बघताना मला बाबांची आठवण झाली. नव्वदच्या दशकात साग लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. वीस वर्षांत एका झाडाचे लाखभर, अशी जाहिरात. बाबांनी पगारातून दहा हजार अशाच एका योजनेत घातले. प्रमाणपत्र सुंदर होतं, हिरव्या शाईचं, अजून कपाटात आहे. पैसे परत आले नाहीत. बाबांना पैशापेक्षा या गोष्टीचं जास्त लागलं की स्वतःच्या परसात साग वाढताना रोज पाहूनही आपण त्या आकड्यांवर विश्वास ठेवला. वीस वर्षांच्या सागाचा ओंडका कापला तर पांढऱ्या भागाच्या मानाने गाभा थोडाच असतो. झाड उंच होतं, पण लाकूड व्हायला त्याला आणखी वेळ लागतो. सागाची घाई करणाऱ्याने दुसरं झाड लावावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तोडीनंतर ओंडक्यांची यादी झाली. नऊ नग, एकूण पावणेएक्केचाळीस घनफूट. प्रत्येक नगाच्या तोंडावर क्रमांक, आणि हातोड्याची खूण. हा हातोडा म्हणजे पोलादी शिक्काच. एका घावात लाकडावर उमटतो. त्याशिवाय गिरणीवाला माल घेत नाही. परवाना हातात यायच्या आधीच एप्रिल २०२१चे निर्बंध लागले आणि सगळं थांबलं. ओंडके परसात. मामांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्या दोन्ही तोंडांना शेण-मातीचा जाड लेप दिला, कारण लाकूड तोंडाकडून लवकर सुकतं आणि तिथूनच फाटतं. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं तेव्हा आम्ही उरलेल्या चार सागांकडे बघत रात्र काढली. ते उभे राहिले.

परवाना मिळाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, टेम्पो गिरणीत पोचला. मी दिवसभर तिथेच थांबले. गिरणीवाल्याने आधीच बजावलं, सागाला पातं दोनदा बदलावं लागेल. या लाकडात वाळूचा अंश, सिलिका असते, पात्याची धार बघता बघता मरते. मामा ओंडक्यापुढे उभे राहून कुठून फाडायचं ते खडूने आखत होते, आणि सगळा खेळ त्या खडूच्या रेघेत होता. मधोमध पेन्सिलीएवढी मऊ नळी असते, ती कुठल्याही फळीत येता कामा नये, आली की फळी तिथून चिरते. दारासाठीच्या फळ्या अशा काढायच्या की कडी फळीच्या जाडीत उभी दिसतील. लाकूड सुकताना कड्यांच्या अंगाने जेवढं आकसतं, त्याच्या निम्म्यानेच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. उभ्या कड्यांची फळी म्हणून कमी हलते. अशा फळ्या काढायच्या तर लाकूड जास्त वाया जातं. गिरणीवाला म्हणत होता सरळ फाडू, दोन फळ्या जास्त मिळतील. मामा ऐकेनात.

पहिली फळी पडली आणि माझा जीव खाली गेला. ती सोनेरी नव्हती. हिरवट, मळकट, काळपट पट्टे, जणू बुरशी धरली आहे. मी मामांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "उद्या बघ." खरोखरच, फळ्या घरी आणून उजेडात ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत हिरवटपणा विरला आणि रंग उघडत गेला. माझ्या दोन्ही हातांवर मात्र पुरळ उठलं, सागाच्या भुशाची खाज आठवडाभर पुरली. गिरणीतली माणसं रोज त्यात काम करतात, कोपरापर्यंत खोबरेल लावून.

पावणेएक्केचाळीस घनफुटांतून कापीव माल निघाला बावीसच्या आसपास. बाकी फळकुटं, पांढरा भाग, भुसा.

मग थांबणं. गोठ्यात विटांच्या ओळींवर फळ्यांची थप्पी, प्रत्येक दोन थरांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, एकीखाली एक नेमक्या रेषेत, नाहीतर फळ्या वाकतात. वर जड दगड. वारा लागावा, पण ऊन आणि पाऊस लागू नये. मामांची अट एकच होती, एक पावसाळा, एक उन्हाळा आणि परत एक पावसाळा. मला ते फार वाटलं. म्हणून एक फळी, सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड, मी खुणेची ठेवली आणि काट्याला लावून वजन टिपत गेले. जून २०२१मध्ये ११ किलो ४००. डिसेंबरात १० किलोच्या खाली. मे २०२२मध्ये ८ किलो ९००. मला वाटलं झालं, आता सुकली. ऑगस्टमध्ये परत तोलली तर ९ किलो ३००. हवेतलं पाणी तिने परत घेतलं होतं. डिसेंबरात पुन्हा ९. तेव्हा मला मामांची अट कळली. लाकूड सुकवून संपत नाही, ते आपल्या गावच्या हवेशी जुळवून घेतं, आणि ते जुळलं की मगच त्याला खाच पाडायची. जवळजवळ अडीच किलो पाणी एका फळीतून गेलं होतं. ओला साग पाण्यात बुडतो तो यामुळेच. ब्रह्मदेशात नदीतून ओंडके वाहून न्यायचे तर झाडाच्या बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत खाप घेऊन ते उभ्या उभ्या दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे, मग तोडायचे.

जानेवारी २०२३मध्ये काम सुरू झालं. पडवीची नवी भाल तीन नंबरच्या खालच्या ओंडक्यातली. सहा नवे वासे दोन नंबरमधले. बाकी सव्वीस जुनेच, तासून, परत चढवले. रिपा या वेळी सागाच्याच, पाच नंबरच्या शेंड्याकडच्या वेड्यावाकड्या मालातून. आणि पुढचं दार.

दाराला मामांनी यंत्र लावू दिलं नाही, शेवटचा हात रंध्याचाच. रंध्यातून निघणारं सालपट कांद्याच्या पापुद्र्यासारखं गोल वळून त्यांच्या पायाशी पडायचं, आई ते गोळा करून चूल पेटवायला ठेवायची. चौकटीच्या सांध्यात खिळा नाही. खाचेत लाकूड घट्ट बसवून वरून सागाच्याच खुंट्या ठोकल्या. फळ्यांच्या जोडाला सरस लावायच्या आधी ते प्रत्येक वेळी कडेवरून रंधा फिरवायचे, कालच फिरवलेला असला तरी. सागाचं तेल पृष्ठभागावर येतं आणि मग सरस धरत नाही, म्हणून ताज्या कडेवरच लावायचा. मला चकचकीत पॉलिश हवं होतं. त्यांनी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, तीन हात दिले, प्रत्येक हातामध्ये चार दिवस.

ते दार बसत होतं त्याच दिवसांत, २९ मार्च २०२३ला, बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागाचे ओंडके मिरवणुकीने निघाले. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. मामा ओंडक्यांच्या तोंडाकडे बघत होते. "पांढरं किती कमी हाय बघ," एवढंच म्हणाले.

उरलेल्या तुकड्यांतून तीन पाट, एक पोळपाट, देव्हाऱ्याची नवी कमान आणि आत्यासाठी एक छोटी पेटी झाली. पेटी तीन नंबरच्या लाकडाची, तिला झाकण उघडलं की वास येतो, म्हणून तिने त्यात दुसरं काही ठेवलेलं नाही.

बुडख्यांना पहिल्याच पावसात फुटवे आले होते. सागाचं बुड मेलेलं नसतं, त्याच्या मुळांत साठ वर्षांचा जोर असतो. एकेका बुडख्यावर आठ-दहा कोंब, आणि पानं सुपाएवढी. वनरक्षक जाता जाता बघून गेला, म्हणाला, "एकच ठेवा, जमिनीलगतचा, बाकीचे खुडा." तसं केलं. दोन वर्षांत तो घराच्या वळचणीला लागला. चार जुन्या सागांवर एक, चार, सहा, सात हे पांढरे आकडे अजून आहेत. परवानगीची मुदत कधीच सरली.

जुलै २०२३मध्ये आईचा फोन आला, दार लागत नाही, वरच्या कोपऱ्यात अडतं. मी मामांना निरोप दिला, येऊन जरा रंधा फिरवा. ते आले, दार दोनदा उघडलं-मिटलं, कोपऱ्यात नख घातलं आणि रंधा पिशवीतून काढलाच नाही. "आत्ता काढलं तर दिवाळीला फट पडंल. थांब म्हणावं तिला." पावसाळाभर आईने दार लोटून आतून पाट लावून ठेवला, आणि मला दर आठवड्याला सांगितलं की ही काही रीत नव्हे.

ऑक्टोबरच्या शेवटी, पहाटे सहाला, तिचा फोन आला. दार लागलं.